जुन्या स्पोर्ट्स कारच्या अंगावरचे नंबर

साठच्या दशकातली एखादी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घ्या आणि बॉनेट उघडा. आतल्या पत्र्यावर रिव्हेटने बसवलेली एक पाटी दिसेल, तिच्यावर चासिस नंबर. जवळपास आणखी एक छोटी पाटी, तिच्यावर बॉडी नंबर. इंजिनाच्या ब्लॉकवर तिसराच नंबर, गिअरबॉक्सवर चौथा. चारही एकमेकांपासून पार वेगळे. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, चार गाड्यांचे तुकडे जोडून ही गाडी उभी केलेली दिसते. पण कारखान्यातून निघाली तशीच गाडी असेल, तर या काळातल्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांचे नंबर असे वेगवेगळेच असायला हवेत. चारही ठिकाणी एकच आकडा सापडला, तर मात्र भुवया उंचवाव्यात.

आजच्या गाड्यांचं काम सोपं झालं आहे. अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलपासून प्रत्येक गाडीला १७ अक्षर-आकड्यांचा एकच ओळख क्रमांक, म्हणजे व्हिन, सक्तीचा झाला आणि पुढे हीच पद्धत जगभर रुळली. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. अमेरिकी व्हिनमधली नववी जागा तर बाकीच्या आकड्यांवरून हिशेबाने भरलेली असते, त्यामुळे मधला एखादा आकडा चुकला की ताळा बसत नाही. त्याआधी मात्र ज्या त्या कंपनीची आपापली रीत होती, आणि तीही दर काही वर्षांनी बदलायची. म्हणून जुन्या गाडीचे नंबर वाचायचे तर आधी ती गाडी बनत कशी होती हे बघावं लागतं.

ऑस्टिन-हीली ३००० घेऊ. तिची पोलादी चौकट जॉन थॉम्पसन कंपनी बनवायची. ती चौकट वेस्ट ब्रॉमविचला जेन्सनच्या कारखान्यात जायची. तिथे तिच्यावर बॉडी चढायची, रंग लागायचा, आतली सजावट व्हायची. मग ही सजलेली पण बिनइंजिनाची गाडी अ‍ॅबिंग्डनला एमजीच्या कारखान्यात यायची आणि तिथे इंजिन, गिअरबॉक्स, चाकं बसायची. बॉडी नंबर बॉडी बनवणाऱ्यांच्या वहीतला, गाडीचा म्हणजे चासिस नंबर जुळणी करणाऱ्यांच्या वहीतला, आणि इंजिनाचा नंबर इंजिनवाल्यांच्या. तीन ठिकाणचे तीन कारकून, प्रत्येकाची मोजणी वेगळी. त्यातून बॉड्या आल्या त्याच क्रमाने लाइनवर जातील असंही नव्हतं. लाल रंगाची मागणी असेल तर आवारातली लाल बॉडी आधी उचलली जायची. त्यामुळे बॉडी नंबर आणि चासिस नंबर साधारण बरोबरीने वाढत जातात, पण हातात हात घालून नाही.

जुन्या गाडीची खरी ओळख या वेगळेपणातच दडलेली असते. एकट्या चासिस नंबरने फारसं काही सिद्ध होत नाही. तो आकडा ज्या पाटीवर असतो ती पातळ पत्र्याची असते आणि चार रिव्हेट काढले की हातात येते. पण कारखान्याच्या नोंदवहीत त्या चासिस नंबरासमोर अमुक बॉडी नंबर, अमुक इंजिन, अमुक रंग असं लिहिलेलं असतं. गाडीवरचे सगळे नंबर त्या एका ओळीशी जुळले, तर बनवाबनवीला फार कमी जागा उरते. चासिसची पाटी बदलणाऱ्याला बॉडी नंबरची आठवण बहुतेक वेळा होत नाही, आणि झाली तरी खरा आकडा काय असायला हवा हे त्याला माहीत नसतं.

बिग हीलीच्या (३००० ला चाहते असंच म्हणतात) बाबतीत आणखी एक गोष्ट मदतीला येते. या गाड्यांचे पत्रे हाताने बसवलेले असत. एका गाडीचं बॉनेट दुसऱ्या गाडीवर नीट बसेलच असं नाही. म्हणून रंगाला पाठवताना सुटे भाग एकमेकांत मिसळू नयेत यासाठी बॉडी नंबर बॉनेट आणि डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूलाही ठोकलेला सापडतो. हे आकडे कुणाला दाखवायला नव्हतेच. कामगारांनी आपल्या सोयीसाठी केलेली ती खूण. माझ्या मते म्हणूनच पाटीपेक्षा त्यांचं वजन जास्त.

अक्षरं काय बोलतात

नंबराच्या आधीची अक्षरं एकदा समजली की पाटी वाचायला मजा येते. हीलीवर एचबीजे८एल असं लिहिलेलं असेल, तर एच म्हणजे हीली, बी म्हणजे दोन ते तीन लिटरच्या दरम्यानचं इंजिन, जे म्हणजे कन्व्हर्टिबल, ८ हा मालिकेचा आकडा आणि एल म्हणजे डाव्या बाजूचं स्टिअरिंग. जे ऐवजी एन असेल तर दोन आसनी, टी असेल तर मागे पोरांपुरती छोटी सीट असलेली. एमजीबीचं जीएचएन३ असंच सुटतं: जी म्हणजे एमजी, एच म्हणजे साधारण १.४ ते २ लिटरच्या वर्गातलं इंजिन, एन म्हणजे दोन आसनी उघडी गाडी. एन च्या जागी डी आला की ती बंद छपराची जीटी.

समजा, कुणी उजव्या स्टिअरिंगची हीली दाखवतो आहे आणि पाटीवर एल आहे. मग एक तर स्टिअरिंग बदललंय, नाही तर पाटी. स्टिअरिंग बदलणं यात पाप काही नाही. या गाड्या मोठ्या संख्येने अमेरिकेला गेल्या आणि पुढे त्यातल्या कित्येक ब्रिटनला परत आल्या, तिथे उजव्या स्टिअरिंगच्या केल्या गेल्या. फक्त विकणाऱ्याने ते सांगायला हवं.

ट्रायम्फच्या टीआर गाड्यांवर चासिस नंबराला कमिशन नंबर म्हणतात. टीआर२ चे नंबर टीएस १ पासून सुरू झाले. शेवटी एल असेल तर डावं स्टिअरिंग, ओ असेल तर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा जादा गिअर. टीआर६ मध्ये सीपी म्हणजे पेट्रोल इंजेक्शनची गाडी, सीसी म्हणजे कार्बोरेटरची, जी अमेरिकेसाठी बनली. इंजेक्शनची गाडी जास्त ताकदीची, तेव्हा सीसी गाडीला सीपी म्हणून खपवण्याचा मोह कुठून येतो हे वेगळं सांगायला नको.

एमजीचा एक किस्सा मात्र सांगायलाच हवा. एमजी टीसीचे नंबर १ पासून नाही, २५१ पासून सुरू होतात. एमजीच्या इतर अनेक मॉडेलांचंही तसंच. याचं कारण अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्याचा टेलिफोन नंबर: २५१. टीसी ०००१ लिहिलेली पाटी कुणी दाखवली, तर पुढचं काही तपासायची गरज नाही.

आणि रस्त्यावर दिसणारी नंबरप्लेट, म्हणजे नोंदणी क्रमांक, हा या सगळ्यापासून वेगळा असतो. १९६१ च्या मार्चमध्ये जिनिव्हाला जॅग्वार ई-टाइप पहिल्यांदा जगासमोर आली. तिथे गाजलेल्या दोन गाड्यांना लोक आजही ९६०० एचपी आणि ७७ आरडब्ल्यू या नोंदणी क्रमांकांनीच ओळखतात. कंपनीच्या वहीत मात्र त्या अनुक्रमे ८८५००२ आणि ८५०००३ आहेत. ८८५ ने सुरू होणारी म्हणजे डाव्या स्टिअरिंगची बंद गाडी, ८५० ची म्हणजे उजव्या स्टिअरिंगची उघडी. उजव्या स्टिअरिंगच्या बंद गाड्यांना ८६० चा आणि डाव्या स्टिअरिंगच्या उघड्या गाड्यांना ८७५ चा गट दिलेला होता.

ई-टाइपचं त्रांगडं

ई-टाइपवर थोडं थांबायला हवं, कारण चासिस नंबर नेमका कशाचा, हा प्रश्न इथे फारच टोकदार होतो. या गाडीला जुन्या अर्थाने चासिस नाहीच. मधला भाग म्हणजे पत्र्याचा एकसंध डबा, मोनोकॉक. त्याच्या पुढे नळ्यांची एक चौकट बोल्टने जोडलेली, तिच्यात इंजिन आणि पुढचं सस्पेन्शन. कारखान्याने चासिस नंबर ठोकला तो या पुढच्या चौकटीवर, उजव्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या वरच्या बाजूला. म्हणजे गाडीची कायदेशीर ओळख अशा भागावर बसली, जो पाना घेऊन सोडवता येतो.

मोनोकॉकला वेगळा बॉडी नंबर आहे. ३.८ लिटरच्या गाड्यांमध्ये आर ने सुरू होणारा असेल तर उघडी गाडी, व्ही असेल तर बंद. पाटीवर चासिस, इंजिन, बॉडी, गिअरबॉक्स असे चारही नंबर एकाखाली एक दिलेले असतात. इंजिन नंबराच्या शेवटी आडव्या रेघेनंतर ८ किंवा ९ असतो, तो कॉम्प्रेशन रेशो. म्हणजे ही एक पाटी नीट वाचली तर गाडीची अर्धी कुंडली हातात येते.

आता धडक बसलेली एक ई-टाइप डोळ्यांसमोर आणा. पुढची चौकट वाकली, म्हणून गॅरेजवाल्याने नवी लावली आणि तिच्यावर जुना नंबर पुन्हा ठोकला, किंवा ठोकलाच नाही. वाकडी चौकट कोपऱ्यात पडून राहिली. वीस-तीस वर्षांनी या गाड्यांच्या किमती चढल्या, कुणी तरी ती चौकट सरळ केली, तिला गंजलेला दुसरा मोनोकॉक जोडला आणि गाडी उभी केली. ठोकलेला अस्सल नंबर या गाडीकडे, आणि मूळचा पत्रा, मूळचं इंजिन, मूळची कागदपत्रं त्या गाडीकडे. दोन्ही मालक शपथेवर सांगतील की आपलीच गाडी खरी, आणि दोघेही पूर्ण खोटं बोलत नसतील. बॉडी नंबर कुणाकडे आहे हे विचारल्याशिवाय या भांडणात एक पाऊलही पुढे जाता येत नाही. जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट जुन्या नोंदवह्यांवरून जो दाखला देतं, त्यात हा बॉडी नंबर येतो, तो यासाठीच महत्त्वाचा. दाखला मात्र नोंदवहीत काय लिहिलंय एवढंच सांगतो. समोर उभी असलेली गाडी तीच आहे का, हे तो सांगत नाही. फ्रेममध्ये लावलेला दाखला बघून खूश होणारे गिऱ्हाईक ही गोष्ट नेहमी विसरतात.

जर्मनीत पोर्श ३५६ ची रीत थोडी वेगळी. चासिस नंबराचे शेवटचे दोन, काही वेळा तीन आकडे दारं, पुढचं झाकण आणि मागचं इंजिनाचं झाकण यांच्या आतल्या बाजूला ठोकलेले असतात. कारण पुन्हा तेच, हाताने जुळवलेला पत्रा. दारावर ४७ आणि चासिसच्या शेवटी ४७ असं सापडलं की ते दार त्याच गाडीबरोबर जन्मलेलं आहे असं समजायला हरकत नाही. शंभरात एखाद्या वेळी योगायोगानेही आकडा जुळेल, पण दोन्ही दारं आणि दोन्ही झाकणं योगायोगाने जुळत नाहीत. पोर्शकडे प्रत्येक गाडीचं एक कार्ड असायचं, कार्डेक्स, आणि त्यावर रंग, इंजिन, गिअरबॉक्स यांच्या नोंदी असत.

इटलीत बघायचं तर फेरारीने बरीच वर्षं रस्त्यावरच्या गाड्यांना विषम आणि शर्यतीच्या गाड्यांना सम नंबर दिले. १९६२ ते ६४ ची २५० जीटीओ शर्यतीसाठीच होती, पण ती जीटी मालिकेतली असल्याने तिचे नंबर विषम आहेत. त्यातली ३४१३ नंबरची गाडी २०१८ साली लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. एवढ्या पैशांचा सौदा असतो तेव्हा लोक चासिस नंबरावर थांबत नाहीत. फेरारीने इंजिन, गिअरबॉक्स यांच्यावर कारखान्यातला वेगळा अंतर्गत नंबर ठोकलेला असतो, तो बघतात. बॉडी बनवणाऱ्याने पत्र्याच्या मागच्या बाजूला ठोकलेले, नाही तर खडूने लिहिलेले आकडे शोधण्यासाठी दाराच्या आतलं अस्तर उचकटून बघतात.

अमेरिकेत इंजिन मोठं

अमेरिकेत गाडीच्या नंबरांचा विषय निघाला की बोलणं लगेच इंजिनावर येतं. तिथला परवलीचा शब्द म्हणजे मॅचिंग नंबर्स, अर्थात गाडीत मूळचंच इंजिन आहे का. याला कारणही तसंच आहे. १९६७ ची कॉर्व्हेट घेऊ. १९४६७७एस ने सुरू होणारा नंबर: १ म्हणजे शेव्हरोले, ९४ म्हणजे कॉर्व्हेट, ६७ म्हणजे कन्व्हर्टिबल (बंद गाडी असेल तर ३७), पुढचा ७ म्हणजे साल, एस म्हणजे सेंट लुइसचा कारखाना. सगळं आलं, फक्त इंजिन कोणतं ते आलं नाही. कॉर्व्हेटच्या व्हिनमध्ये इंजिनाचा संकेत १९७२ पासून यायला लागला. त्याआधीची साधी गाडी आणि शर्यतीच्या इंजिनाची गाडी यांचे नंबर पाहून फरक कळतच नाही.

आणि फरक तर जमीन-अस्मानाचा. एल८८ हे इंजिन असलेल्या कॉर्व्हेट १९६७ मध्ये फक्त २० बनल्या. कंपनीने कागदोपत्री तिची ताकद ४३० हॉर्सपॉवर लिहिली, त्याच वर्षीच्या एल७१ इंजिनापेक्षा ५ ने कमी, म्हणजे रस्त्यावर मिरवणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये. आज या गाड्या करोडोंच्या आहेत, तेव्हा साध्या गाडीची एल८८ करण्याचे प्रयत्न झाले नसते तरच नवल.

शोध घ्यायचा तो इंजिनाच्या ब्लॉकवर. उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे ब्लॉकचा एक छोटा सपाट भाग आहे, दोन बोटं रुंद. तिथे दोन वेगवेगळे ठसे असतात. पहिला इंजिनाच्या कारखान्यातला: टी म्हणजे टोनावांडा, मग महिना आणि तारीख, मग इंजिनाचा संकेत. १९६७ च्या एल८८ चा संकेत आयटी. म्हणजे टी०३१०आयटी याचा अर्थ, १० मार्चला टोनावांडात जुळवलेलं एल८८. दुसरा ठसा शेकडो मैल दूर सेंट लुइसला, इंजिन गाडीत बसायच्या वेळी ठोकलेला: गाडीच्या नंबराचे शेवटचे आकडे. दोन गावं, दोन माणसं, दोन संच. त्यामुळे अस्सल ब्लॉकवर या दोन ओळींच्या अक्षरांची घडण, अंतर आणि खोली एकसारखी नसते. सगळी अक्षरं एका रेषेत, एका खोलीची, छान दिसत असतील तर तो हात आजचा आहे.

याच्या जोडीला ब्लॉकच्या ओतकामाची तारीख बघायची. ती साच्यातूनच उठून आलेली असते, ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर. सी १ ७ म्हणजे १ मार्च १९६७. आधी ब्लॉक ओतला जाणार, मग इंजिन जुळणार, मग गाडी बनणार. हा क्रम उलटा दिसला की गोष्ट तिथेच संपते. गाडी एप्रिलची आणि ब्लॉक जूनचा, हे कुठल्याही स्पष्टीकरणाने सुटत नाही.

नंबर पुसणारे तो सपाट भाग घासून काढतात आणि नवे आकडे ठोकतात. पण कारखान्यात तो भाग यंत्राने तासताना त्यावर बारीक समांतर रेघा उमटलेल्या असतात. घासलं की रेघा गेल्या. जाणकार भिंग लावून आधी आकडे नाही, रेघा बघतो. त्या नाहीत म्हणजे खोटंच असंही म्हणता येत नाही, कारण इंजिन दुरुस्तीत हा पृष्ठभाग प्रामाणिकपणेही सपाट करतात. त्या दुरुस्तीत मूळ नंबर कायमचा जातो आणि मालकाला पत्ताही लागत नाही.

पोलादी चौकटीवरचा घासलेला नंबर मात्र कधी कधी परत मिळवता येतो. पंच मारला की आकड्याखालचा धातूही दाबला जातो, आकडा दिसतो त्याहून बऱ्याच खोलवर. वरचा भाग घासून चकचकीत केला तरी तो दाबलेला थर शिल्लक असतो. त्यावर ठराविक आम्ल लावलं की दाबलेला आणि न दाबलेला धातू वेगवेगळ्या वेगाने खाल्ला जातो आणि जुना आकडा धूसर होऊन वर येतो. पोलिसांच्या प्रयोगशाळांत बंदुकींवरचे पुसलेले नंबर असेच वाचतात.

पाटीला हात लावताना

पाट्या विकत मिळतात. हुबेहूब, कोऱ्या, हव्या त्या कंपनीच्या. त्यात गैर काही नाही, कारण गंजून चाळणी झालेली पाटी कुणाला लावायची असते? पण कायदा या बाबतीत डोळे वटारून असतो. अमेरिकेत ओळख क्रमांक काढणं किंवा बदलणं हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. आणि प्रामाणिक माणूसही त्यात कसा सापडतो याचं उदाहरण कॅन्ससचं. तिथल्या एका गृहस्थाने १९५९ ची पुन्हा नवी केलेली कॉर्व्हेट विकत घेतली. २०१७ साली नोंदणीसाठी तपासणीला नेली, तर अधिकाऱ्यांना पाटीचे रिव्हेट मूळचे वाटले नाहीत. रंगकामाच्या वेळी कुणी तरी पाटी काढून परत लावली होती. गाडी चोरीची नव्हती, नंबरही तोच होता, पण कायद्याच्या शब्दांप्रमाणे पाटी हलवलेली गाडी म्हणजे निषिद्ध माल, आणि असा माल नष्ट करायचा. गाडी जप्त झाली, खटला वर्षानुवर्षं चालला. शेवटी २०२२ मध्ये कॅन्ससच्या विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती करून जुनी गाडी नीट करताना काढलेल्या पाटीला सूट दिली. माझ्या मते इतक्या उशिरा सुचलेलं एवढं साधं शहाणपण क्वचितच पाहायला मिळतं.

ब्रिटनमध्ये वाहन नोंदणीच्या डीव्हीएलए या संस्थेने मोठ्या फेरफार केलेल्या गाड्यांसाठी बरीच वर्षं गुणांची पद्धत वापरली. मूळचं, किंवा तसंच नवं चासिस अथवा मोनोकॉक असेल तर ५ गुण, सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगला प्रत्येकी २, इंजिनाला १. जुना नोंदणी क्रमांक राखायला ८ गुण लागायचे. ज्या इंजिनासाठी अमेरिकन गिऱ्हाईक जीव टाकतं, त्याची ब्रिटिश सरकारच्या लेखी किंमत सगळ्यात कमी! यामागचा विचार पटण्यासारखा आहे. इंजिन झिजणारी वस्तू आहे, चौकट तशी नाही. पण पत्रा गंजतो, आणि ब्रिटिश मोटर हेरिटेजने तर १९८८ पासून एमजीबीच्या अख्ख्या नव्या बॉड्या जुन्याच साच्यांवर काढायला सुरुवात केली. अशी बॉडी बसवली की मूळ बॉडी नंबर असलेला पत्रा भंगारात जातो. गाडी एमजीबीच राहते, चासिस नंबरही कायदेशीरपणे तोच राहतो, फक्त दुसरा साक्षीदार कमी होतो.

या सगळ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न, म्हणजे काय काय बदललं तरी गाडी तीच राहते, हा १९९० मध्ये लंडनच्या न्यायालयात आला होता. गाडी होती बेंटलेची ओल्ड नंबर वन, १९२९ आणि १९३० अशा दोन्ही वर्षी ल माँची २४ तासांची शर्यत जिंकलेली. पुढे तिच्यात मोठं इंजिन आलं, १९३२ साली ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या ट्रॅकवरच्या अपघातात तिच्या चालकाचा जीव गेला, तिची पुन्हा बांधणी होऊन बॉडीही बदलली. सुमारे १ कोटी पौंडांचा सौदा ठरला आणि घेणाऱ्याने अंग काढून घेतलं: ही ती गाडीच नाही, असं म्हणत. न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल विकणाऱ्याच्या बाजूने दिला. ल माँच्या दिवशी गाडीत होते त्यातले फारच थोडे भाग उरले होते हे त्यांनी मान्य केलं. पण ती कधीही मोडीत निघाली नव्हती, टप्प्याटप्प्याने बदलत गेली होती, आणि तिच्या जागी दुसरी कुठलीही गाडी दावा करत नव्हती. म्हणून तीच ओल्ड नंबर वन. नंबरांच्या भाषेत सांगायचं, तर सुट्या भागांपेक्षा सलग इतिहासाला महत्त्व मिळालं. मला स्वतःला निकाल पटतो, पण एखाद्या गाडीचे तुकडे झाले असतील आणि दोन दावेदार असतील, तर या निकालाचा फारसा उपयोग होत नाही.

उलट बाजूचं उदाहरण बीएमडब्ल्यू ५०७ चं. लष्करी सेवेत जर्मनीला असताना एल्व्हिस प्रेस्लीने अशी एक पांढरी गाडी घेतली होती. नंतर ती अमेरिकेत हातोहात फिरली, तिच्यात शेव्हरोलेचं इंजिन घातलं गेलं, गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सलही गेला, आणि शेवटी ती कॅलिफोर्नियात एका गोदामात धूळ खात पडली. मॅचिंग नंबर्सच्या हिशेबाने ती नापासच. पण चासिस नंबर ७००७९ शाबूत होता आणि कंपनीकडच्या नोंदींशी जुळला. बीएमडब्ल्यूने ती पुन्हा उभी केली आणि २०१६ मध्ये पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात दाखवली, पांढरी, आणि या वेळी ५०७ च्याच भागांतून जुळवलेल्या इंजिनासह.

जुनी गाडी घेऊन ती नीट करायच्या तयारीत असाल, तर पाना हातात घेण्याआधी कॅमेरा घ्या. प्रत्येक पाटीचा फोटो जागेवरच काढा, रिव्हेटची डोकी दिसतील इतक्या जवळून. मग दारांचं अस्तर, डिकीच्या झाकणाची आतली बाजू, बॉनेटच्या बिजागरीखालची जागा बघा. तिथला जुना रंग तासणीने खरवडू नका, रंग उतरवणारं द्रव्य लावून हळूहळू पुसा, कारण खालचा आकडा कधी कधी फार उथळ असतो. गाडी वाळूच्या फवाऱ्याखाली जाणार असेल तर ठोकलेल्या नंबरांवर आधी जाड टेपचे दोन-तीन थर चिकटवा आणि काम करणाऱ्याला ते नंबर बोट ठेवून दाखवा. नोंदवहीतला दाखला मागवायचा तो यानंतर. आधी मागवला, तर कागदावरचा आकडा डोक्यात बसतो आणि गंजलेल्या पत्र्यावरचा ३ तुम्हाला हमखास ८ दिसायला लागतो.